अण्णांचा मणी

३ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, मागणीच ती. सहा काचेचे मणी पाठव, आकृती पाठव, अण्णांकडून जाडीची मापं लिहून घे, आणि मग शेवटच्या ओळीत अर्ध्या शब्दात अण्णांची तब्येत. इंजिनियर झालास तरी धाकटेपण सुटलं नाही तुझं.

मणी कापसात गुंडाळून औषधाच्या खोक्यात घातलेत. डावीकडचे तीन पाण्यावर तरंगतात पण तेलात बुडतात, उजवीकडचे कसल्याही पाण्यावर तरंगतात. अण्णांनी बजावून सांगितलंय की दोन्ही एकत्र करू नकोस, नाहीतर परत विचारायला येशील. डावीकडचे तुला आठवत असतील. आईला डॉक्टरांनी स्निग्ध पदार्थ बंद केले, तेव्हा अण्णांनी तिच्यासाठी तोटीचं काचेचं भांडं फुंकलं होतं. सूप ओतायचं, तोटी उघडायची, खालचं बिनतेलाचं सूप वाटीत उतरायचं आणि वरचं तेल खाली पोचलं की मणी भोकावर बसून वाट बंद. तू तेव्हा हसला होतास, एका बाईच्या वाटीभर सुपासाठी अख्खी प्रयोगशाळा म्हणून. आई गेल्यालाही नऊ वर्षं झाली.

उजवीकडचे माझ्या वॉर्डातले. लहान मुलांच्या चाळीस खाटा आणि एका पाळीला आम्ही दोघी सिस्टर. सलाईनची बाटली कधी संपली ते कळत नाही, नळीत रक्त चढतं, तिथंच गोठतं आणि शीर हातची जाते. सुकलेल्या पोराची दुसरी शीर शोधणं म्हणजे काय असतं ते तुला नको सांगायला. मागच्या जूनमध्ये मी जेवताना कुरकुर केली. आठवड्यानं अण्णांनी बाटलीखाली लावायची बारीक कुपी पुढ्यात ठेवली, आत मणी. पाणी आहे तोवर तरंगतो, संपलं की कुपीच्या गळ्यात बसतो, नळी भरलेलीच राहते. आम्ही उकळून घेतो आणि वापरतो. मोठ्या डॉक्टरांनी तोंडी हो म्हटलंय, कागदावर नाही. नऊ महिन्यांत एकाही पोराची शीर गेलेली नाही.

हात थरथरतात आता त्यांचे, पण काच फुंकायला ज्योतीसमोर बसले की थांबतात. थंडीत कानाला गुंडाळत जा. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, तुझाही असू दे.

ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मणी शाबूत पोचले. दोन्ही प्रकार एकत्र केले नाहीत, अण्णांना सांग.

ताई, चाललं! आमच्या कारखान्यामागच्या कालव्यात तेल सांडून तवंग धरलाय. दीड वर्ष आम्ही पंपाने ते उपसतोय, तर तेलाबरोबर तितकंच पाणी येतं. मी अण्णांच्या भांड्याची मोठी नक्कल केली, पिंपाएवढी, मणी नारळाएवढा. खालून स्वच्छ पाणी परत कालव्यात, आणि तेल आलं की झडप बंद. साहेब काठावर तासभर उभे होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला टोपणनावाने हाक मारली. ते त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

कंपनी पेटंट घ्यायचं म्हणतेय. नुसतं कालव्याचं नाही. स्वयंपाकघरातलं भांडं, सलाईनची कुपी आणि तेल काढायचं पिंप, तिन्ही एकाच अर्जात. म्हणजे दुसऱ्या कोणी उचलून आपलं म्हणायला नको. त्यासाठी अण्णांची वही लागेल, ती निळ्या पुठ्ठ्याची, तारखेनिशी मापं लिहिलेली. वकिलांना दाखवून परत करतो.

इथे कोणाला माझं नाव माहीत नसायचं. आता जिना चढताना लोक ओळख देतात. तुला हसू येईल, पण बरं वाटतं.

अण्णांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा खटपट्या

२ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

वही पाठवतेय. अण्णांनी ती द्यायच्या आधी दोन दिवस पुन्हा वाचली आणि पेन्सिलीचं पुसट झालेलं शाईने गिरवलं. वकिलाला अक्षर लागलं पाहिजे, म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांसाठी नळ्या आणि चंबू फुंकले. लोकांनी त्यातून शोध लावले आणि यांचं नाव कुठे आलं नाही. आता पेटंटच्या कागदावर आपलं नाव छापतात की टंकतात, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. शेजारच्या चष्मेवाल्यालाही सांगून झालंय. तो आता त्यांना शास्त्रज्ञ म्हणून हाक मारतो आणि हे खोटं खोटं रागावतात.

नाव नीट लिहायला सांग. रेशनकार्डावर चुकलं ते आयुष्यभर चुकलेलंच राहिलं.

मणी आता शंभरावर झालेत. मोठ्यांच्या वॉर्डातली सिस्टर मागायला आली, तर अण्णा म्हणाले, आधी लहान मुलं.

कारखान्यात सांभाळून. आठवण ठेवतोसच, ती पत्रातून दिसू दे.

ताई

१८ जून

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सव्वा वर्ष वाट पाहायला लावली, पण काल पेटंट मिळालं. तुमचा मणी आता कायद्याने सुरक्षित झाला, वीस वर्षं कोणी हात लावू शकणार नाही. कागदाची प्रत वकिलांकडे अडकलीय, सवडीने पाठवतो. वहीचंही तेच.

कामाची फार गडबड आहे. मला नव्या विभागाचा प्रमुख केलंय, त्यामुळे पत्र लहान. ताईला सांगा, रागावू नकोस.

आशीर्वाद असू द्यावेत, त्यावरच तर चाललंय.

आपला
खटपट्या

९ सप्टेंबर

चि. खटपट्यास,

आशीर्वाद आधी लिहायची पद्धत आहे. या वेळी जे झालं ते आधी लिहिते.

सोमवारी आमच्या हॉस्पिटलला नोटीस आली. तुझ्या कंपनीच्या वकिलांची. पेटंट असलेली झडप आमच्या वॉर्डात परवानगीशिवाय वापरली जाते, ती ताबडतोब बंद करावी आणि असलेल्या सगळ्या जमा करून कुलपात ठेवाव्यात. अधीक्षकांनी मला बोलावून विचारलं, ही झडप म्हणजे काय. मी म्हटलं, माझ्या वडिलांचा मणी. ते म्हणाले की कागदावर तसं नाही.

कागद मी मागून घेतला आणि वाचला. इतका शुद्ध लिहिलाय की परकाच वाटतो. पहिला भाग घरगुती भांडं, दुसरा औषधोपचार, तिसरा प्रदूषित पाणी. आकृती अण्णांचीच, बाण तेवढे नवे. शोध लावणारा म्हणून एकच नाव, तुझं. खाली तुझ्या सहीचं निवेदन की ही रचना याआधी कोणीही, कुठेही वापरलेली नाही.

कोणीही, कुठेही. मग आई कोण होती रे?

मी स्वतः खाटेखाटेवरून कुप्या उतरवल्या, उकळून ठेवलेल्याही काढल्या. एकशे चौदा भरल्या. स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून कपाटाला कुलूप लावलं, किल्ली अधीक्षकांना दिली. एका आईने विचारलं, सिस्टर, हे का काढताय, चांगलं होतं की. मी तिला सांगितलं की धुवायला नेतेय.

अण्णांना अजून बोलले नाही. ते रोज पोस्टमनची वाट बघतात, नाव कसं छापलंय ते पाहायचंय त्यांना. काय सांगू ते कळव. तुझी माया पातळ झाली नाही असं तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ताई

१७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो.

मी अण्णांचं नाव लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात होतं, देवाशपथ. वकील म्हणाले की वडील कंपनीचे नोकर नाहीत, त्यांचं नाव घातलं तर हक्क त्यांच्याकडे जातो. आणि आधी वापर झाला होता असं कबूल केलं, तर पेटंट मिळतच नाही. मग साहेबांनी खोलीचं दार लावलं आणि म्हणाले, कल्पना मोठी की नाव मोठं, तूच ठरव. मला वाटलं, नाव काय, घरातलंच राहतंय. सही केली.

नोटिशीचं मला ठाऊक नव्हतं. औषधाचा भाग कंपनीने दुसऱ्या एका कंपनीला दिलाय. ती सलाईन संपल्यावर घंटा वाजवणारं विजेचं यंत्र विकते, नोटीस तिनेच धाडायला लावली. मणी पुढच्या वर्षी चांगल्या रीतीने बनवू म्हणतात. तोवर थोडा धीर धर. सुरुवातीलाच आरडाओरड केली तर माझी नोकरी तर जाईलच, शिवाय खोटं निवेदन दिलं म्हणून खटलाही होईल.

वहीबद्दल विचारू नकोस. ती कंपनीच्या ताब्यात आहे.

अण्णांना एवढ्यात सांगू नकोस ना. मी स्वतः येऊन सांगेन. रागावलीस तरी माझीच आहेस, एवढं धरून चालतो.

खटपट्या

२६ नोव्हेंबर

खटपट्यास,

पुढच्या वर्षी म्हणतोस. आमच्याकडचं हे वर्ष ऐक.

मंगळवारी दुपारी जुलाबाने सुकलेली पाच पोरं एकदम आली. अकरा नंबरच्या खाटेवर शिंप्याची मुलगी होती, चौदा महिन्यांची. तिची शीर मीच लावली होती, पायाला, फार मुश्किलीने. त्या घंटेच्या यंत्रांपैकी दोनच आहेत आमच्याकडे, ती दोन्ही दुसऱ्या पोरांना लावलेली. चार खाटा पलीकडे एकाला आकडी आली, आम्ही दोघी तिकडे धावलो. परत आले तेव्हा अकरा नंबरची बाटली रिकामी होती आणि नळी लाल. दोन तास शोधलं. हात, पाय, डोकं. मोठे डॉक्टर आले, त्यांनाही मिळाली नाही. सव्वापाचला ती गेली.

शिंपी हात जोडून म्हणाला, तुम्ही खूप केलंत. गेल्या साली त्याचा थोरला इथेच वाचला होता, मणी असताना. त्याला तो मणी आठवत होता. या वेळी का नाही लावला, एवढं मात्र त्याने विचारलं.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. तुझी वाट पाहिली नाही.

हॉस्पिटल पेटंट कचेरीत हरकत घेतंय. वापर आधीपासून होता हे दाखवता आलं तर पेटंट पडतं. पण रजिस्टरात मण्यांची नोंद नाही, तोंडी हो म्हणणाऱ्या डॉक्टरांना आता काही आठवत नाही आणि आमची सिस्टर लोकांची साक्ष स्वार्थाची ठरते. वही तुम्ही गिळलीत. उरली अण्णांची जबानी. फेब्रुवारीत सुनावणी आहे. तूही ये, समोर बस आणि ऐक.

ताई

२० फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा तुम्ही जबानीला उभे राहिलात. अधिकाऱ्यांनी विचारलं, हा मणी कोणी शोधला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात की मुलाने सुचवलं, मी नुसती काच फुंकली. भांड्याचं विचारलं तर म्हणालात, म्हातारपणी लक्षात राहत नाही.

अण्णा, तुम्ही मला वाचवलंत. ताई बाहेर माझ्याशी बोलली नाही. तिला समजवा.

हरकत फेटाळल्याचं आज कळलं. पुढच्या महिन्यात कंपनी माझा सत्कार करतेय. साहेब म्हणतात, वडिलांना आणा, पहिल्या रांगेत बसवू. मी गाडी पाठवतो. वॉर्डातले मणी सोडवायचं मी सत्कार झाला की साहेबांच्या कानावर घालणार आहे, नक्की.

पायांवर डोकं ठेवून पुढच्या भेटीपर्यंत थांबतो.

आपला
खटपट्या

११ मार्च

खटपट्यास,

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. सत्काराला येणार नाहीत. गाडी पाठवू नकोस.

तू समजवा म्हणालास, त्यांनी तेही केलं. परतताना बसमध्ये मी विचारलं, असं का बोललात. ते म्हणाले, तो तुरुंगात गेला असता. मी म्हटलं, आणि ती शिंप्याची पोर? मी त्यांच्यावरही चिडले, अजून चिडलेली आहे. तुला काय वाटलं, माझा राग तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलाय?

त्या दिवसापासून त्यांनी ज्योत पेटवलेली नाही. चष्मेवाल्याने शास्त्रज्ञ म्हणून हाक मारली तर उठून आत गेले. मागच्या सोमवारी मी ड्यूटीला निघाले तर काठी घेऊन दारात उभे. मी त्यांना बरोबर घेतलं.

वॉर्डात मधल्या वाटेत स्टुलावर बसतात. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मान वर करून बाटल्या बघतात. पाणी बाटलीच्या गळ्याशी आलं की काठी फरशीवर आपटतात आणि आम्ही धावतो. जेवायला उठत नाहीत, डबा मांडीवरच. परवा मान आखडली म्हणून मी घरी राहा म्हटलं, तर ऐकलं नाही. अधीक्षकांनी पाहिलं आणि पुढच्या वॉर्डाकडे गेले. नोटीस मी पुन्हा काढून वाचली. म्हाताऱ्या माणसाने बसून बघायला मनाई आहे असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

तिथून त्यांना सहा खाटा नीट दिसतात. वॉर्डात चाळीस आहेत.

कळावे,
ताई