उताराला चालू इंजिन

लोणावळे, शुक्रवार, मार्गशीर्ष, शके १८५९

आज स्वतःचीच लाज वाटतेय. भिकोबा ड्रायव्हरच्या मोटारीने पवनेकडून कामशेतला आलो, तिथून आगगाडीने घरी. खिंडीचा उतार लागला की बाकीचे ड्रायव्हर तेल वाचवायला इंजिन बंद करतात आणि मोटार नुसती घरंगळत सोडतात. काय सुसाट जाते! भिकोबा मात्र माथ्यावर थांबून पहिला गिअर टाकतात आणि इंजिन घुरघुरत ठेवून सावकाश उतरतात. म्हणून मीच त्यांच्या मोटारीला ‘बैलगाडी’ नाव ठेवलंय. आजही म्हणालो, “आबा, बैलगाडी जरा हाका की!” सगळे उतारू हसले. तेही हसले.

आणि वळणावर ती बाई. मोळी सुटून रस्ताभर पसरलेली, पाठीला मूल बांधून लाकडं वेचत होती. मोटार तिच्यापासून दोन हातांवर अलगद उभी राहिली. दोनच हात! भिकोबांनी चाकाला दगड लावला, मोळी बांधून दिली, तिच्या डोक्यावर चढवली आणि परत येऊन बसले, जणू काही झालंच नाही.

मी विचारलं, “आबा, इंजिन बंद असतं तर?”

“मास्तर, मी आदी बैलगाडीच हाकायचो. उताराला बैल कुनी मोकळं सोडतं व्हय?”

असा माणूस, आणि त्याला हसणारा मी कोण?

आत्ता लिहिता लिहिता मोजून पाहिलं. माझं हे मेजसुद्धा दोन हातांहून लांब आहे.