टेरवे घराण्याची उकिडवी परंपरा

तीर्थस्वरूप हिल्डाआत्यास,

तुझ्या भाच्याचा, लायनसचा, पलंगावरून नमस्कार. उभं राहून केला असता, पण सध्या ते जमण्यातलं नाही. अॅरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे गेल्यापासून दुखायचे थांबले म्हणतेस, बरं झालं; इकडे मिनेसोटात आम्ही तुझ्याही वाटचं दुखणं भोगतोय. बाबा ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी त्यांना मीठ, बिअर आणि अंपायरशी भांडण ही तिन्ही वर्ज्य सांगितली होती. त्यांनी मीठ सोडलं.

तर गेल्या रविवारी आपल्या चर्चची जत्रा होती. सकाळी संत जोसेफच्या मूर्तीची मिरवणूक, दुपारी सॉसेज आणि आंबवलेला कोबी, आणि मग रिवाजाप्रमाणे शेजारच्या सेंट ओडिलो गावच्या टीमशी बेसबॉल. (या मॅचचं महत्त्व तुला काय सांगायचं! हरलो की वर्षभर त्या गावच्या न्हाव्यासमोर मान खाली घालून बसावं लागतं, आणि आपल्या गावात दुसरा न्हावी नाही.) आजोबांनी गुरांचं कुरण मोडून मैदान केलं आणि स्वतः फलंदाजामागे कॅचर म्हणून उकिडवे बसले, तेव्हापासून ती जागा टेरव्यांची. आजोबांनंतर बाबा, बाबांनंतर मी. मी खरं तर छप्पन्नाव्या वर्षी मॅनेजर म्हणून खुर्चीत बसायच्या लायकीचा माणूस. पण आठवडाभराच्या पावसानंतर नेमकं त्याच दिवशी कडक ऊन पडलं आणि अर्धी टीम वाळलेला चारा उचलायला शेतावर पळाली. मला धरून जेमतेम नऊ डोकी भरली. रोझलिंड म्हणाली, "बसशील रे बाबा, पण उठवणार कोण?" बायको कधी चुकत नाही, हा आमच्या संसारातला मोठाच दोष आहे.

तिसऱ्या डावात मी एका खाली आलेल्या चेंडूवर वाकलो आणि कमरेत असा कट्टकन आवाज झाला की चेंडू टाकणाऱ्या पिचरला वाटलं बॅट मोडली. मी बसलो तो बसलोच. वर होईना, खाली होईना. शेवटी चौघांनी मला त्याच आसनात उचलून मैदानाबाहेर नेलं. सकाळी संत जोसेफला नेलं तेही हेच चौघे, त्यामुळे चालही तीच पडली आणि कडेच्या दोन म्हाताऱ्यांनी सवयीने क्रूस केला. (एकीने नंतर शपथेवर सांगितलं की तिचं डोकं दुखायचं थांबलं.)

आता उरले आठ, आणि आठ जणांत मॅच होत नाही. सेंट ओडिलोचा मॅनेजर वेंडेल क्रॉप बॅटा पोत्यात भरायला लागला. "टेरवे, आता असाच बसल्या बसल्या घरी जा!" इतक्यात आमची लेक कोलेट अॅपल-पायच्या टेबलामागून एप्रनवरच आली आणि न बोलता माझ्या पायांचे पॅड सोडायला लागली. ती कॉलेजात मुलींच्या टीमची कॅचर आहे हे तुला ठाऊक आहेच. क्रॉपने हरकत घेतली. अंपायर म्हणाला की नियमात जिवंत माणूस हवा एवढंच आहे, आणि लायनस चालला तर ही नक्कीच चालेल. बाबा मात्र प्रेक्षकांच्या जाळीमागून कडाडले, "लायनस, पोरीला आवर! ही जागा पोरींची नव्हे!"

"मग तुम्ही या, आजोबा," कोलेट म्हणाली. "पॅड मी बांधून देते."

बाबा सत्त्याऐंशीचे. नुसती काठी आपटत राहिले.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. क्रॉपचा पुतण्या तिसऱ्या बेसवरून धाव पुरी करायला थेट कोलेटच्या पुढ्यातल्या होमकडे सुटला, आणि तो पुतण्या म्हणजे ट्रॅक्टरला टोपी घातलेली. मी बाकावर आडवा होतो. डोळे मिटून घेतले. बाप आहे मी, आत्या, दगड नाही. धाडकन आवाज झाला. डोळे उघडले तर धुळीखेरीज काही दिसेना, आणि मग त्या धुळीतून एक हात वर आला, त्यात चेंडू. आऊट! जिंकलो! सगळे ओरडत होते, पण सगळ्यांच्या वर बाबांचा आवाज. जाळी गदागदा हलवत ते ओरडले, "हिल्डासारखी बसली! अगदी हिल्डासारखी!"

आणि एकदम लालेलाल होऊन सॉसेज संपली का विचारायला लागले.

आत्या, बाबांनी अठराव्या वर्षी याच होमवर सेंट ओडिलोची शेवटची धाव कशी अडवली, ही कथा आम्ही दर नाताळात ऐकत आलो. हातवाऱ्यांसकट. दोनदा तर रस्सा सांडला. गाडीत मी विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आदल्या दिवशी गोठ्याच्या दारात अंगठा चेचला होता. कॅचरच्या तोंडावर जाळी असली की माणूस ओळखू येत नाही. बाकी हिल्डाला विचार." घरी आल्यावर त्यांनी तो जुना चामड्याचा हातमोजा काढला, तेल लावलं आणि कोलेटला दिला. म्हणाले, "घे. माझ्या हाताला कधी नीट बसलाच नाही."

कळावे. प्रकृतीस जपणे; कुठेही उकिडवी बसू नकोस.

तुझा आडवा भाचा,
लायनस

ता.क. : कमरेचं निमित्त, खरं विचारायचंय ते हे. बाबांच्या त्या गाजलेल्या मॅचला तोंडावरच्या जाळीमागे तू होतीस का? तुझ्या उत्तरासाठी कोलेट रोज टपालपेटी बघणार आहे. पुढच्या रविवारी तीच बसणार आहे.

ता.क. २ : पत्र पोस्टात टाकायला बाबांकडे दिलं, तर त्यांनी फोडून खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय. खोडत नाही.

"हिल्डे, पोराला सांगून टाक. मीही आता म्हातारा झालो. पण आदल्या वर्षीच्या मॅचचं विचारलं तर तो मीच होतो म्हण. तेव्हाही तूच होतीस, पण सगळंच एकदम नको. — अॅम्ब्रोस"