चोपड्याची जीप

४ डिसेंबर, सकाळी
संकल्प : रोज फक्त एक तास मोबाईल. सविता म्हणते, तुमच्यासोबत फोनलाही रिटायर करा. बायकोला देशाचं काही पडलेलं नाही.

४ डिसेंबर, दुपारी
चार तास झाले. पण तो टाइमपास नव्हे, अभ्यास. सातपुड्यात अतिरेकी लपलेत, हा व्हिडिओ तीन ग्रुपवर आला. तीन जण खोटं कसं बोलतील?

९ डिसेंबर
रविवारी शिल्पाची सुपारी फुटणार. पाहुणे चोपड्याचे, मेहुण्याने, म्हणजे भूपेंद्रने जमवलंय. मुलाचे वडील झुलाल आबा. मी अजून पाहिलेले नाहीत. आधीची दोन स्थळं मोडली. मी फक्त मुलांचे फेसबुकवरचे लाइक तपासून चार प्रश्न विचारले होते. हा मुलगा शिल्पाला फार आवडलाय. पोरगी घरात गुणगुणते. सविताने बजावलं, या वेळी तोंड उघडायचं नाही.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ९
फिरायला गेलो तर हायवेलगतच्या मळ्यात धूर. दहा-बारा माणसं, हातात लाकडी दांडकी, दोघांना दाढी. जीपवर ‘चोपडा’ लिहिलेलं. चोपडा म्हणजे सातपुडाच! क्षणभर वाटलं, वांगी भाजताहेत, भरीत पार्टी असेल. हिवाळ्यात धुळ्यात रोज कुठे ना कुठे असतेच. पण ते मुद्दाम तसं भासवतात, व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय. जीपच्या नंबरासकट फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : ‘सावधान! विचारलं तर भरीत म्हणतील. तो त्यांचा कोडवर्ड आहे.’ हे कसं सुचलं, माझं मलाच कौतुक वाटलं.
आपले पाहुणेही त्याच रस्त्याने येणार. त्यांना सावध करायला हवं. त्यांचा फोन नंबर नाही.

दुपारी २
फोटो सगळ्या धुळ्यात फिरतोय. नाक्यावर तरुणांनी जीप अडवली. आतले ओरडत होते म्हणे, ‘भरीत शे रे भाऊ, भरीत शे!’ त्यावर पोरांनी आणखी हाणलं. कोडवर्ड खरा निघाला!

दुपारी ४
पाहुण्यांचा पत्ता नाही. वेळेची किंमत नसलेली माणसं. शिल्पा साडी नेसून ओट्यावर बसलीय.

संध्याकाळी ६
भूपेंद्रचा फोन. झुलाल आबा सिव्हिलला आहेत, हात दोन ठिकाणी मोडलाय. मुलाच्या कपाळाला सात टाके. सविताचे गुडघे दुखतात, तिला स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून घरची वांगी घेऊन आले होते. मित्राच्या मळ्यात भरीत करून सगळ्यांसाठी गरम गरम आणत होते. भरीत आहे सांगूनही का मारलं, हेच आबा भूपेंद्रला सारखं विचारताहेत, ‘भरीत सांगं, तरी काबरं मारं?’
‘अरेरे’ म्हणून फोन ठेवला. कुणाला कळायचं कारण नाही.
फोटोखाली माझं नाव आहे. श्रेय कुणी चोरू नये म्हणून मीच टाकलं होतं.

१६ डिसेंबर
स्थळ मोडलं. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. शिल्पाने एकच मागितलं : त्याच ग्रुपवर खरं लिहा. लिहिलं. चौदा ओळी. त्यातल्या दहा माझा हेतू किती शुद्ध होता यावर.
संकल्प : आता काही फॉरवर्ड करणार नाही.

१७ डिसेंबर, दुपारी
माफी अकरा जणांनी वाचली. शिल्पा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कोण कोण वाचतंय ते बघत खुर्चीमागे उभी राहिली. तेवढ्यात नाशिकच्या साडूचा मेसेज आला. तोच फोटो, तीच जीप, ‘सावधान!’
सवयीने माझ्याकडून अंगठा दिला गेला.
शिल्पाने पाहिलं. तांब्या टेबलावर ठेवून ती आत गेली.