आईंच्या गालावरचे वण

नॉटिंगहॅम, ३ एप्रिल २०२४

प्रिय वरदा,
स. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर बोलायची सोय नाही, तुझी आई लाउंजमध्ये बसून किचनमधलं सगळं ऐकते. नजर अधू झाली, कान शाबूत आहेत.

त्या मायलेकांनी माझं डोकं पार उठवलंय. आईंना आपल्या पश्चात भिंतीवर लावायला चांगलं चित्र हवं आहे. पासपोर्टातला फोटो लावलात तर भूत होऊन येईन म्हणाल्या. रिटायर झाल्यापासून ह्यांना पेन्सिलीचा नाद, म्हणून ते काम ह्यांच्याकडे. ऑनलाइन बघून रोज नवी युक्ती. शिशाची पूड माझ्या ब्लशरच्या ब्रशने फासतात. कागदाला कुणी बोट लावलं की ओरडतात. मऊ खोडरबर मी कणीक समजून बिनमध्ये टाकलं, त्यावरून वेगळं भांडण.

आता ताजी युक्ती ऐक. माझ्या विणायच्या सुईने कागद आधी दाबायचा, वरून पेन्सिल फिरवायची, म्हणजे दाबलेलं पांढरं राहतं. पिकल्या केसांसाठी छानच. पण ह्यांनी ती सुई आईंच्या गालावरच्या देवीच्या वणांना लावली! जन्मभर त्वचेचे डॉक्टर, एक खड्डा सोडला नाही. आईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, भाजलेला पापड काढलास. फोटो म्हटलं की तोंड फिरवणारी बाई ती. ह्यांचं म्हणणं, वण काढले तर ती आई नव्हेच. झालं, अबोला! मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतात.

चौदा तारखेला त्यांची फ्लाइट आहे, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा येणं होईलसं वाटत नाही. अशाच निघून गेल्या तर दोघं कायमचे कुढतील. काहीतरी कर बाई.

लोभ आहेच, सध्या अक्कलही पाठव.
तुझी,
सुलक्षणावहिनी

ब्रिस्टल, ६ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हसू आलंच. हे पत्र दादाला वाचायला दे.

दादा, शहाणपणा पुरे. त्या तोंडावरून बायका आईला काय काय बोलल्या, ते तुला ठाऊक नाही. त्यांच्यात मी बसायचे, तू नाहीस. आपला चेहरा लोकांना कसा दाखवायचा, ते तिचं तिला ठरवू दे.

पण वहिनी, त्याचंही खोटं नाही ग. लहानपणी लाइट गेले की हा भोकाड पसरायचा, आणि आईच्या गालावरच्या खड्ड्यांत बोट घालून झोपायचा. मला तिथे हात लावू द्यायचा नाही, मेला. आमच्या डोळ्यांना ते वण कधी दिसलेच नाहीत. बोटांना तेवढे माहीत.

मीटिंग आहे, थांबते. आशीर्वाद असावा, आणि धीर सोडू नये.
तुझी,
वरदा

नॉटिंगहॅम, १५ एप्रिल

प्रिय वरदा,
स. न. वि. वि.

काल आईंना हीथ्रोला सोडून आलो.

तुझं पत्र वाचून हे खोलीचं दार लावून बसले. मला वाटलं, आता माझ्याशीही अबोला. शनिवारी नवं चित्र घेऊन बाहेर आले. बघते तर गाल नव्या नवरीसारखे गुळगुळीत! अस्सा संताप आला मला. हेच करायचं होतं तर एवढं रामायण कशाला?

आईंनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि बरं आहे म्हणाल्या, तेही मला. मग ह्यांनी त्यांचं बोट धरून कागदावरच्या गालावर ठेवलं. मी बघतच राहिले. सगळं रंगवून झाल्यावर ह्यांनी सुई हलकेच दाबली होती. डोळ्याला काही दिसत नव्हतं, बोटाला खड्डे लागत होते. आई एकेका वणावरून बोट फिरवत गेल्या आणि दुसरा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला. चित्र फिसकटलं, पण हे ओरडले नाहीत.

बॅगेत जागा होती, तरी चित्र त्यांनी नेलं नाही. "पद्या, हे तुझ्याकडेच राहू दे," म्हणाल्या, "लाइट गेले तर लागेल." भिंतीला पासपोर्टातला फोटो चालेल म्हणे.

इथे लाइट जात नाहीत, हे मी बोलले नाही.

येऊन जा, तुझी वाट बघते.
तुझी,
सुलक्षणावहिनी