सत्त्याहत्तर पत्त्यांचं नशीब

घरून, ता. शिंदखेडा, जि. धुळे
२६ जुलै २०२५

चि. शीतल,

आजीचा आशीर्वाद. विसराळू लोकांना तो पुरतो की नाही माहीत नाही, तरी पाठवते. आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, आलीस तेव्हा रुमाल विसरलीस, चार्जर विसरलीस, आणि पहाटेच्या गाडीला निघताना मला हाक मारायचंही विसरलीस. रुमाल मी वापरते. चार्जर तुझ्या बापाने नेला. तिसरी वस्तू माझ्या गोधडीखाली सापडली. तुझ्या नशिबाच्या, त्या टॅरो का काय पत्त्यांमधला एक पत्ता.

अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात असं तूच सांगितलं होतंस. म्हणजे आखाजीपासून तू सत्त्याहत्तरवरच भागवते आहेस. लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून झालं की संध्याकाळी मैत्रिणींना पत्ते काढून देतेस ना? भांडणाचा पत्ता इथे माझ्याकडे, आणि तिकडे जळगावच्या बायांना बिनभांडणाचं नशीब निघतंय. त्या भरवशावर एखादी सासूला उलटून बोलली असेल तर तळतळाट तुला लागेल, मला नाही.

अक्षर ओळखलं असशील. लिहिते आहे तुझी काकू. मी आपल्या बोलीत सांगते, सपना शाळेच्या भाषेत उतरवते. मी ‘बठ्ठा’ म्हटलं की ती ‘सगळे’ लिहिते. तुझं स्वतःचं काही लिहायचं आहे का, असं मी तिला आधीच विचारलं. तिने मान हलवली. म्हणजे नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोन दोघींत होतो. पत्राला मला तिसरी लागते.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून तसं लिहायला सांगितलं. सपनाने लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. असू दे. पाऊस बेताचा आहे. कपाशी माझ्या गुडघ्याएवढी आली आहे आणि तिची तब्येत माझ्या गुडघ्यापेक्षा बरी आहे. घरात चूल एकच, पण पंगती अजून दोन. आधी तुझा बाप आधार जेवतो. तो हात धुवायला बाहेर गेला की मग तुझा काका युवराज आत येतो. दोघा भावांची कधी दारात गाठ पडलीच तर दोघंही म्हशीशी बोलायला लागतात. त्या म्हशीला जन्मात एवढा मान मिळाला नव्हता.

आता पत्त्याचं.

त्या संध्याकाळी तू ओट्यावर पत्ते पसरलेस. मी विचारलं, काय विचारतेस त्यांना? तू म्हणालीस, यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला घरी येऊ की नको. हा पत्ता निघाला आणि तुझं तोंड उतरलं. ‘आजी, हा झगड्याचा पत्ता आहे. मी आले की या घरात झगडा.’ एवढं बोलून सगळे पत्ते गोळा केलेस. हा तेवढा राहिला.

मला अक्षर येत नाही. मला चित्रच वाचावं लागतं, आणि आखाजीपासून माझ्याकडे दुसरं काही वाचायला नव्हतं. पाच पोरं आहेत. अंगावर पाच तऱ्हेचे कपडे, हातात त्यांच्याहून उंच काठ्या, आणि ज्याची त्याची काठी ज्याच्या त्याच्या दिशेला. पण रक्त कुठे नाही. पडलेलं कोणी नाही. काठ्यांना बारीक पालवी फुटलेली आहे. मारायला निघालेला माणूस वाळकी काठी उचलतो. हिरवी कोणी तोडत असेल तर मांडवासाठी. मला आधी तसंच वाटलं, की हे लोक मांडव घालताहेत. मांडव घालतानाही असाच गलका असतो. तू इकडे ओढ, तू तिकडे धर, तुला कोणी बोलावलं. लांबून बघणाऱ्याला वाटतं आता डोकी फुटणार.

पण मी म्हातारी आहे, भोळी नाही. भांडणही असेल. पाच जण आपल्याच घरचे लागले मला. तुझा बाप, युवराज, सपना, तू आणि मी. तुझी आई असती तर काढणाऱ्याला सहावी काठी काढावी लागली असती. सुनिता काही गप्प बसणारी नव्हती.

तुझ्या बापाला पत्ता दाखवला. त्याने हातातही घेतला नाही. ‘भांडण शे, दुसरं काय?’ म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे गेला. मग युवराजला दाखवला. त्याने तो उजेडात नेला. पुष्कळ वेळ बघत बसला, आणि मला विचारतो, ‘माय, ह्या पाचमा मी कोणता शे?’

मी म्हटलं, तूच सांग.

त्याने मागच्या एकावर बोट ठेवलं. काठी वर धरून उभा आहे बघ, तो. म्हणाला, ‘हाऊ मारस बी नही, आन खाले बी ठेवस नही.’ पत्ता माझ्या मांडीवर ठेवला आणि गेला.

एक गोष्ट पहिल्या ओळीपासून सांगायची टाळते आहे. आता सांगते. युवराज म्हणाला आहे, यंदा आमची कानबाई वेगळी.

तू शहरात राहतेस, पण याचा अर्थ तुला सांगायला नको. बोळीपलीकडच्या भाऊबंदांच्या घरांशी आपण बोलतो, त्यांच्या लग्नात राबतो, मयताला खांदा देतो. पण त्यांच्या कानबाईच्या प्रसादाचे रोट आपण खात नाही आणि ते आपले खात नाहीत, कारण कधीकाळी कोणीतरी असंच म्हणालं होतं, आमची वेगळी. शेत वाटलं तर बांध पुन्हा फोडता येतो. कानबाई म्हणून पुजायचा नारळ एकदा वेगळा मांडला की पुढे कोणी तो एक केलेला मी ऐकला नाही.

परवा रोटांचे गहू काढले. आपली रीत तुला माहीत आहे. घरातल्या पुरुषांच्या नावाने माणशी सव्वा मूठ आधी, मग वरचे गहू. बाईच्या नावाची मूठ नसते आणि लेक तर दुसऱ्या घरची धरलेली. पण सुनिता गेली त्या वर्षापासून युवराज आपली मूठ टाकून झाली की आणखी एक हळूच टाकायचा. तुझ्या नावाची. तू त्याच्या पायाशी बसून गहू सांडायचीस. मी तेव्हा देव्हाऱ्याकडे बघत बसायची. कानबाईने पाहिलं असेलच, पण ती कधी कोपली नाही.

परवा सपनाने दोन ताटं मांडली. तिला नवऱ्याने सांगितलेलं. तुझ्या बापाने एका ताटात आपली मूठ टाकली आणि न बघता गेला. युवराजने दुसऱ्या ताटात टाकली. मग सवयीने त्याचा हात पुन्हा पोत्यात गेला, भरून वर आला आणि तसाच राहिला. तुझी मूठ कोणत्या ताटात टाकायची, बापाच्या की काकाच्या? सपना खाली बघत होती. मी देव्हाऱ्याकडे बघत होते, पण या वेळी काही उपयोग झाला नाही. त्याच्या बोटांच्या फटींतून गहू गळायला लागले, तरी तो उभाच. शेवटी त्याने ती मूठ एका वाटीत ओतली, वाटी देवापुढे ठेवली आणि न जेवता शेतात गेला.

वाटी अजून तिथेच आहे. कोणाला हात लावू दिलेला नाही.

इथे सपनाने पेन खाली ठेवलं होतं. चहा करून आली. साखर घालायची विसरली. आता लिहिते आहे.

तर जे या घरात दिवाळीपासून कोणी बोलत नाही, ते मी बोलते. तुझं त्या स्थळाला ‘नाही’ म्हणणं बरोबर होतं. मलाही मुलगा आवडला नव्हता. बूट काढायच्या आधी त्याने विचारलं, टीव्ही किती इंची आहे. युवराजने तुला न विचारता त्या लोकांना शब्द दिला, ही त्याची चूक. त्याबद्दल तू त्याच्याशी हवं तेवढं भांडायला हवं होतंस. पण तू भांडली नाहीस. ज्याला जन्मभर ‘काका, तू’ म्हणालीस त्याला पाहुण्यांसमोर म्हणालीस, ‘तुम्ही कोण माझं ठरवणारे? तुम्ही माझे वडील नाही.’

त्याच्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या. त्याने त्या एकेक करून सगळ्यांना दिल्या, कोणाला चमचा कमी पडला तो आणला, आणि मग गोठ्यात जाऊन बसला. तुझा बाप त्याच्यामागे गेला तो समजूत घालायला नाही. ‘माझी पोर आहे, माझं मी बघीन’ असं सांगायला गेला. तुझीच बाजू घेत होता बिचारा. घाव त्याच जागी बसला.

सपनाने आतून ऐकलं. तिला मूल नाही हे तिला गावाने पुष्कळदा सांगितलं आहे. तू कधी सांगितलं नव्हतंस.

हे वाक्य ती लिहीत नव्हती. दोनदा सांगावं लागलं.

तुला वाटतं, आपण गेलो की झगडा संपला. म्हणून पहाटेची गाडी धरलीस. चित्र आठव. काठीत काठी अडकली आहे म्हणून त्या उभ्या आहेत. एकाने आपली काढून घेतली तर बाकीच्यांच्या काठ्या त्यांच्याच डोक्यावर. भांडून मोडलेलं घर मी पाहिलं नाही, शीतल. ‘तुमचं चालू द्या, मी निघते’ असं गोड बोलून मोडलेली पाहिली आहेत.

तेव्हा ये. नुसती माफी घेऊन येऊ नकोस. ती पाहुण्यांच्या बिस्किटांसारखी असते, फळीवर पडून राहते, पुडा कोणी फोडत नाही. भांडण घेऊन ये. काकाला विचार, मला न विचारता शब्द का दिलास. तो ओरडेल. ओरडू दे. दिवाळीपासून म्हशीशी बोलतो आहे तो. ओरडून दमला की मग दुसरं जे सांगायचं ते सांग. ते काय, हे मी शिकवणार नाही.

कानबाई तीन तारखेला, रविवारी बसेल. घरात नारळ अजून एकच आहे. दुसरा आणायला युवराज शनिवारच्या बाजाराला जाणार म्हणतो. तू शुक्रवारी पोहोच.

पत्ता पाठवत नाही. हवा असेल तर येऊन घेऊन जा. तोवर जळगावच्या बायांना सांगून ठेव, की भांडण प्रत्येकीच्या नशिबात आहे, फक्त पत्ता गावाला गेला आहे.

पत्र गावातल्या प्रेमराजच्या हाती देते, तो उद्या केळी भरायला गाडी घेऊन तिकडे येतो आहे. येताना कानबाईच्या भाजीला गंगाफळ घेऊन ये, तुमचा शहरातला लाल भोपळा. लहान नको. तुला एकटीला गाडीतून उतरवता येणार नाही एवढं मोठं घे. नरडाण्याच्या स्टेशनावर ते धरायला तुझ्या बापाला पाठवणार नाही, त्याची कंबर धरली आहे. युवराजला पाठवीन. त्याला एवढंच सांगेन की जळगावहून गंगाफळ येतंय.

तुझी आजी,
कलाबाई
(खालचा डाग सांडलेल्या शाईचा नाही. माझा अंगठा आहे.)

ता. क. गंगाफळ देठ वाळलेलं बघून घे. कोवळं असलं तर गोड लागत नाही. आणि जायफळ आण, घरातलं संपलं आहे. तुला खिरीत लागतं.
— काकू