कोकराच्या पाठीवरचं दूध

शिरूर, २००१

आबा, तुमची नात प्रगती पाया पडते.

काल बाजारात एक मेंढी पोरक्या कोकराला जवळच येऊ देईना. मी तिचंच दूध काढून त्याच्या पाठीला चोळलं, तुम्ही चोळायचात तसं. मेंढीनं हुंगलं आन् पाजायला लागली! संगं आलेल्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं इचारलं, "हे कुठं शिकलीस?" आजवर मी लाजून 'आम्ही शेतकरी' एवढंच सांगायची. काल म्हणले, "आमच्या आबांकडं. आम्ही धनगर."

मेंढरं इकून तुम्ही मला कॉलेजात धाडलं. आता हसा! बारावीनंतर मी जनावरांची डॉक्टर होणार, म्हंजी पुन्हा मेंढरांमागंच.

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. दुसऱ्यानं वाचून दाखवलं तर तुमचं मिशीतलं हसू मला कसं दिसंल? रविवारच्या एस्टीनं येतेच.

तुमचंच कोकरू,
प्रगती