सुटलेली कातडी ओढू नये

४ फेब्रुवारी
नवीन घर आवडलं. दोनच खोल्या, पण उजेड भरपूर. चष्म्याच्या दुकानात उद्यापासून नोकरी, तेही चालत जाण्याइतकं जवळ. गेल्या वर्षी ताई तापाने गेली, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोललेली नाही. जागा बदलली की बोलेल. आज तिने स्वतः खिडकी उघडली. तेवढंही पुष्कळ.

११ फेब्रुवारी
दुकानात चहूकडे आरसे आणि माझं तोंड मुरुमांनी भरलेलं. फ्रेम बसवायला वाकले तर एक आजोबा म्हणाले की पोरी, चष्मा मला लावतेस, पण आरसा तू बघ. सगळे हसले. मीही हसले, काय करणार? ताईची कातडी कशी नितळ होती. देवानेही उजवं-डावं केलं.

१५ फेब्रुवारी
त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पील करू. आम्लाचा पातळ थर लावायचा, मग वरची कातडी आपोआप सुटते. सुटलेली ओढायची मात्र नाही. आधी कानामागे थेंबभर लावून पाहिलं.

१९ फेब्रुवारी
कानामागची साल निघाली. खाली टाक्यांची जुनी खूण आहे. मला कधी टाके पडलेच नाहीत. झोपाळ्यावरून पडली होती ती ताई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहानपणचं आठवत नसेल. चेहऱ्याचं पहिलं पील करून आले. फार चुरचुरलं.

२६ फेब्रुवारी
कपाळ सोललं आणि गालांवरचे मुरूम दुप्पट फुगले. धीर धरा, म्हणे! आगीतून फुफाट्यात. वैताग आलाय नुसता. आई मात्र माझ्या कपाळाकडे टक लावून बघत होती. जेवताना म्हणाली, मीठ दे. आपणहून बोलली.

१० मार्च
दुसऱ्या पीलची साल निघतेय. डाव्या डोळ्याखाली तीळ आलाय. ताईचा होता तिथेच. आईने त्याला बोट लावलं आणि विचारलं, मोठे, आलीस? मी म्हटलं, आई, मी धाकटी. तिने ऐकलंच नाही.

१४ मार्च
पील बंद केलं. तरी साल सुटतेच आहे. डॉक्टरीणबाईंना कारण सांगता येईना.

१६ मार्च
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर आई उशाशी बसून माझ्या गालाची साल हळूच ओढत होती. दुखत नव्हतं. तिने ती रुमालात घडी करून ठेवली.

१९ मार्च
नाकही ताईचं. दुकानात गेले तर मालकीणबाई म्हणाल्या, या, बसा — आणि मला फ्रेमा दाखवायला लागल्या.

२१ मार्च
हनुवटीवर एकच मुरूम उरलाय. लाल, ठसठसणारा. ज्याच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली, तोच. बाकी सगळी ताई. तेवढीच मी.
कुणाला हात लावू देणार नाही.

२२ मार्च
कडी लावली होती. तरी —
आई आत आलीय. हातात कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. किती दिवसांनी हसतेय — मला तिला ढकलता येत नाही —
म्हणते, मोठे, हलू नकोस, एवढंच राहि—